डेडिकेटेड सर्व्हरची डिस्क बदलून खरंच फरक पडतो का? (केळी, काटापावत्या आणि सकाळची बोंबाबोंब)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. आमचं जळगावात सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातल्या केळी खरेदीदारांसाठी काटापावती, शेतकऱ्याचा हिशेब, हमाली, तोलाई, गाडीभाडं असं सगळं एका जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर चालवतो. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधला, भाड्याचा, डेडिकेटेड (फक्त आमच्याच कामाचा). ८ कोअर, ६४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क (२ टीबीच्या) रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. उबुंटू लिनक्स आणि मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस. डेटाबेस ७० जीबीच्या आसपास.

दुपारी, रात्री सगळं सुरळीत. पण सकाळी गाड्या भरायला लागल्या आणि सगळीकडचे काटे एकदम सुरू झाले की पावती सेव्ह व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. काट्यावरचा पोरगा तेवढ्यात वैतागून पुन्हा बटण दाबतो, आणि एका गाडीच्या दोन पावत्या होतात. मग शेतकरी, व्यापारी आणि मी, तिघांची जुंपते.

होस्टिंगवाले म्हणतात एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश चिपवर लिहिणारी डिस्क) घ्या, सगळं सुटेल. भाडं जवळपास दीडपट होतंय. विकणारा तसं म्हणणारच. म्हणून इथे विचारतोय: नुसती डिस्क बदलून फरक पडतो, की रॅम वाढवू, की आमच्या कोडमध्येच पाणी मुरतंय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

पांझराकाठचा_भाऊ
घ्या डोळे झाकून. एसएसडी टाकली की दहा वर्षांचा लॅपटॉपसुद्धा पळायला लागतो. सर्व्हरचं काय घेऊन बसलात!

मुपो_पुणे
डोळे झाकून काही घेऊ नका. पांझराभाऊंचा लॅपटॉप आणि डेटाबेसचा सर्व्हर यांत फरक आहे.

आधी सकाळच्या गर्दीच्या वेळी सर्व्हरवर बसा. 'टॉप' ही आज्ञा लावून 'डब्ल्यूए'चा आकडा बघा. सीपीयू डिस्कची वाट बघत किती वेळ रिकामा बसलाय ते त्यात कळतं. मग 'आयोस्टॅट' या आज्ञेला 'एक्स'चा पर्याय देऊन दर पाच सेकंदांनी आकडे घ्या. त्यात वाचण्याचा अवेट आणि लिहिण्याचा अवेट वेगवेगळा येतो, म्हणजे एक मागणी पुरी व्हायला किती मिलिसेकंद लागले ते. ते आकडे इथे टाका, मग बोलू. डिस्क रिकामी आणि सीपीयू शंभर टक्के असेल तर एनव्हीएमई घेऊन फक्त होस्टिंगवाल्याची दिवाळी होईल.

बट्टीबहाद्दर
पाच-सहा सेकंद? तेवढ्यात तर केळी पिकून काळी पडायची. (ह. घ्या.)

सातपुडा
डिस्क हळू का, हे आकड्यांतच बघा. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी धरायची, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर न्यायला आणखी आठ-नऊ. सगळे मिळून १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे इकडचं-तिकडचं काम असेल तर सेकंदाला ७५-८० खेपा. १५,००० आरपीएमच्या महागड्या सॅस डिस्कसुद्धा १७५-२००च्या आसपासच थांबतात. लोखंड याहून जोरात फिरवता येत नाही.

रेड १ मध्ये वाचणं दोन डिस्कांत वाटलं जातं, पण लिहिताना दोन्हींवर लिहावंच लागतं. त्यामुळे लिहिण्याचा वेग एकाच डिस्कचा.

साटा एसएसडीत फिरणारं काही नाही, पण ६ गिगाबिटच्या तारेमुळे सेकंदाला साधारण ५५० एमबीवर गाडी अडते. शिवाय एएचसीआयमध्ये (साटा डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीत) रांग एकच, तिच्यात ३२ मागण्या. एनव्हीएमईचं पहिलं मानक २०११ मध्ये आलं, ते फ्लॅश डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेलं. त्यात ६४ हजार रांगा आणि प्रत्येकीत ६४ हजार मागण्यांची सोय आहे. गावात एकच काटा आणि बाहेर ट्रकांची रांग असणं, आणि प्रत्येक ट्रकसमोर स्वतःचा काटा असणं, इतका फरक.

जाहिरातीतल्या ७००० एमबीच्या आकड्याकडे मात्र लक्ष देऊ नका. तो सलग मोठी फाइल वाचण्याचा. डेटाबेस १६ केबीची पानं कुठूनही उचलतो आणि कुठेही ठेवतो. तिथे एका मागणीला किती वेळ लागतो तेच कामाचं.

नंदुरबारी_मिरची
सातपुडाजी, दंडवत. पण रॅमचं कोणी बोललंच नाही. मायएसक्यूएलमधल्या इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे डेटा धरून ठेवायला दिलेली रॅम, किती ठेवलाय? मूळचा १२८ एमबीच असतो आणि अनेक ठिकाणी तो तसाच राहून जातो. ६४ जीबी रॅम असून डेटाबेस डिस्कवरच नाचत असेल तर आधी तो वाढवा. फुकटात होतं.

गिरणाकाठ
@नंदुरबारी_मिरची, बफर पूल ४४ जीबी आहे, पहिल्यापासून. रोज लागणारा डेटा, म्हणजे चालू हंगाम, त्यात आरामात मावतो.

@मुपो_पुणे, आज सकाळी बघितलं. गर्दीत डब्ल्यूए ३५-४० टक्क्यांवर, सीपीयू बाकी निवांत. वाचण्याचा अवेट १०-१२, लिहिण्याचा १५०च्या वर, मधूनच ३००. दुपारी सगळं पाच-दहावर येतं.

मुपो_पुणे
मग डिस्कच. आणि तीही लिहिताना. वाचणं रॅममधून होतंय, म्हणून रॅम वाढवून काही उपयोग नाही.

पावती कमिट झाली, म्हणजे पक्की नोंदली, की मायएसक्यूएल ती रीडू लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहितो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, 'हे खरंच डिस्कवर गेलं याची खात्री दे'. यालाच एफसिंक म्हणतात. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉगही (दुसरी नोंदवही) मूळचाच चालू असतो आणि त्याचाही प्रत्येक कमिटला एफसिंक होतो. म्हणजे एका कमिटला किमान दोनदा डिस्कच्या दारात उभं राहायचं. सातपुडांचं गणित इथे लावा, ७५-८० खेपा. एकाच वेळी आलेले कमिट मायएसक्यूएल एकत्र बांधतो म्हणून थोडं निभावतं, पण वीस-पंचवीस काटे एकदम पडले की रांग लागणारच.

एक प्रश्न: एका पावतीला किती ओळी पडतात, आणि प्रत्येक ओळ वेगळी कमिट होते का?

एका_ओळीत
एवढं रामायण कशाला? 'इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट' १ चा २ करा, बिनलॉगचा सिंक ० करा. पाच मिनिटांत सर्व्हर विमान. नवीन डिस्कचे पैसे वाचले, मला शेवभाजी खाऊ घाला.

आसोद्याची_लेक
एका_ओळीत, तुमची शेवभाजी महागात पडेल. २ केलं की लॉग दर कमिटला ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातो, डिस्कवर मात्र सुमारे सेकंदाला एकदा. नुसता मायएसक्यूएल पडला तर चालून जातं. पण वीज गेली किंवा कर्नल कोसळला, तर शेवटच्या सेकंदभराच्या पावत्या गेल्या, आणि त्या 'सेव्ह झाली' असं काट्यावर दाखवून झालेल्या असतात! ब्लॉगला चालेल, फोटोंच्या साइटला चालेल. इथे शेतकऱ्याच्या मालाचं वजन आहे. छापील पावती त्याच्या हातात आणि हिशेबात नोंदच नाही, हे भांडण कोण मिटवणार?

एका_ओळीत
ताई, डेटा सेंटरला वीज जाते कुठे? तिथे यूपीएस, जनरेटर सगळं असतं. आपल्या दीपनगर वीजकेंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांनाच फक्त इन्व्हर्टर लागतो. 😀

आसोद्याची_लेक
वीज नाही जात, पण पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्ड जातो, कोणीतरी चुकीच्या रॅकची वायर ओढतं. मी एका दवाखान्याच्या सर्व्हरचं काम बघते. असले प्रकार डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून सांगते.

लोहमार्ग_भुसावळ
एक वेगळीच शंका. गिरणाकाठ, महिन्याच्या पहिल्या रविवारी जास्त त्रास होतो का?

गिरणाकाठ
@लोहमार्ग, तुम्हाला कसं कळलं?! त्या रविवारी फोन बंद करून शेतात जाऊन बसावंसं वाटतं.

लोहमार्ग_भुसावळ
डेबियन-उबुंटूमध्ये सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेली असते. डेबियनच्या जुन्या वेळापत्रकात तर रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी. दोन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ताडून बघतात. २ टीबीची डिस्क मोकळी असली तरी चार-पाच तास लागतात, वर काम चालू असेल तर आणखी. म्हणजे ती नेमकी तुमच्या काट्यांच्या वेळेत घुसते. बंद करू नका, तपासणी हवीच. तिचा कमाल वेग सेकंदाला २००,००० केबी असा मोकळा सोडलेला असतो, तो खाली आणा किंवा वार-वेळ बदला. रेल्वेत ब्लॉक घेतात तो गर्दीची वेळ टाळून, तसंच हे.

बट्टीबहाद्दर
लोहमार्गभाऊंनी रुळावर कान लावून गाडी ओळखली राव.

पांझराकाठचा_भाऊ
मी पहिल्याच प्रतिसादात एसएसडी म्हटलं होतं, ते शेवटी खरंच ठरतंय. 😎 आमच्या धुळ्याच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात स्वतःचा सर्व्हर आहे, त्यात दुकानातून आणलेली साधी एनव्हीएमई टाकलीये. मस्त चालते. फक्त उन्हाळ्यात दुपारी मोठी फाइल कॉपी केली की सुरुवातीला पळते आणि मग बैलगाडी होते.

सातपुडा
त्याची दोन कारणं असू शकतात. पहिलं उष्णता. ७०-८० अंशांच्या पुढे एनव्हीएमईचा कंट्रोलर स्वतःच वेग कमी करतो. जळगाव-भुसावळ-धुळ्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४५च्या पुढे, खोलीला एसी नाही, कॅबिनेट बंद, त्यात डिस्कला हीटसिंक नाही. बिचारी आधीच तापलेली असते. दुसरं, टीएलसी किंवा क्यूएलसी फ्लॅश, म्हणजे एका कप्प्यात तीन-चार बिट कोंबणारी. थोडी जागा एसएलसीसारखी (कप्प्यात एकच बिट) वापरून सुरुवातीला वेग दाखवतात, ती भरली की खरा वेग उघडा पडतो. क्यूएलसीत तर तो कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. तापमान 'स्मार्ट'मध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) दिसतं, बघून घ्या.

पांझराकाठचा_भाऊ
भाऊ, मे महिनामा आपलेच कूलर लागस, मंग सर्व्हरले बी लागीच!

मुपो_पुणे
पांझराभाऊंच्या डिस्कवरून मुख्य मुद्दा. गिरणाकाठ, 'एनव्हीएमई' एवढा शब्द ऐकून हो म्हणू नका. दुकानी एनव्हीएमई आणि सर्व्हरची एनव्हीएमई यांत तुमच्या कामापुरता सगळ्यात मोठा फरक वीज गेल्यावरच्या संरक्षणाचा. सर्व्हरच्या डिस्कवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी आतल्या रॅममधला डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरता जोर त्यांच्यात असतो. त्यामुळे एफसिंक आला की ती डिस्क लगेच 'झालं' म्हणू शकते आणि ते खरंही असतं. दोन आकडी मायक्रोसेकंदांत काम होतं. कपॅसिटर नसलेल्या डिस्कला दर वेळी खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं, मग प्रत्येक एफसिंकला एखाद-दोन मिलिसेकंद सहज जातात. हार्ड डिस्कपेक्षा बरंच, पण ज्यासाठी दीडपट पैसे देताय ते नाही.

म्हणून होस्टिंगवाल्याकडून मॉडेल नंबर लेखी मागा. वीज-संरक्षण आहे का, आणि डीडब्ल्यूपीडी किती, म्हणजे हमीच्या काळात रोज पूर्ण डिस्क किती वेळा लिहून चालेल. तुमच्या कामाला १ असली तरी पुष्कळ.

आसोद्याची_लेक
+१. आणि मिळाल्यावर 'एफआयओ'ने (डिस्कचा वेग मोजणारं साधन) स्वतः तपासा: छोटे ब्लॉक, एकच जॉब, प्रत्येक लिहिण्यानंतर एफसिंक. सेकंदाला काही हजार-दहा हजार आले तर माल खरा. दोन-चारशेवर अडकलं तर परत करा.

जुना_जाणकार
सगळं वाचलं. धागाकर्त्याच्या मूळ भांडणाला मात्र अजून कोणी हात घातला नाही. दोन पावत्या डिस्कमुळे होत नाहीत. उद्या एनव्हीएमई लावा, रावेरच्या पुढे बांधावर मोबाइलचं नेट अडकलं की पोरगा पुन्हा बटण दाबणारच. पावती उघडतानाच मोबाइलवर तिला एक खास क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारं बंधन) लावा. दहा वेळा दाबलं तरी पावती एकच. हे काम डिस्कच्या आधी करायचं आहे, आणि त्याला भाडं पडत नाही. हार्डवेअरवाले हार्डवेअरच सुचवणार, आजकाल कोणी कोड उघडून बघत नाही.

मुपो_पुणे
पूर्ण सहमत. (शेवटचं वाक्य सोडून. मी कोडचंच विचारलं होतं, उत्तर अजून आलं नाही.)

गिरणाकाठ
उशीर झाला, कापणीचा जोर होता. एका पावतीला १०-१२ ओळी पडतात: वजन, दर, हमाली, तोलाई, भाडं, उचल वगैरे. आणि हो, प्रत्येक ओळ वेगळी कमिट होते, ऑटोकमिट चालू आहे.

मुपो_पुणे
मग एका पावतीमागे दोन डझन एफसिंक चाललेत! सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदमच कमिट होणाऱ्या गठ्ठ्यात) घाला. अर्धी पावती नोंदली जाण्याचा धोकाही त्यात जातो. आहे त्याच डिस्कवर आधी हे करा, आकडे घ्या, मग एनव्हीएमईचं ठरवा.

खापरावरची_पुरणपोळी
हार्डवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा भरताच्या पार्टीसारखा रंगलाय. वाचतेय.

बट्टीबहाद्दर
भरताचं नाव काढलंत? हिरवी लांब वांगी, काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची पुरी... सर्व्हर गेला खड्ड्यात.

नंदुरबारी_मिरची
धागा भरकटला. नेहमीप्रमाणे वांग्याकडे.

लोहमार्ग_भुसावळ
परत रुळावर आणतो. एनव्हीएमई घेतलीच तर दोन गोष्टी. एक, रेड १ मधल्या दोन्ही डिस्कांवर सारखंच लिहिलं जातं, म्हणजे दोघी सारख्याच झिजतात. एकाच बॅचच्या नसतील असं बघा, आणि झिजेची टक्केवारी 'स्मार्ट'मधून महिन्याला नोंदवा. दोन, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून टेबल उडवलं तर दोन्हीकडून एकदमच उडतं.

बॅकअप बंद एसएसडीवर घेऊन कपाटात टाकू नका. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात, पूर्ण झिजलेली साधी एसएसडी वीज न देता ३० अंशांत एक वर्ष आणि सर्व्हरची ४० अंशांत तीन महिने डेटा धरून राहिली पाहिजे, एवढीच अट आहे. नवीन डिस्क बरीच जास्त टिकते, पण भुसावळच्या मे महिन्यातलं गोदरेजचं कपाट ४० अंशांत राहील याची हमी कोण देणार? बॅकअपला जुनी हार्ड डिस्कच बरी. तिथे वेग लागत नाही आणि टीबीमागे स्वस्त पडते.

एका_ओळीत
कपाटात पापड वाळतील तेवढं ऊन असतं.

गिरणाकाठ
ताजा कलम.

आधी युनिक की लावली, दोन पावत्यांची तक्रार त्याच आठवड्यात संपली. मग सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घेतल्या: पाच-सहा सेकंदांची पावती गर्दीत सेकंद-सव्वा सेकंदावर आली, तीही जुन्याच डिस्कवर. रेडची तपासणी रविवार दुपारवर ढकलली.

तरी हंगाम चढला की लिहिण्याचा अवेट पुन्हा ८०-९०वर जात होता, म्हणून वीज-संरक्षणवाल्या दोन एनव्हीएमई असलेला सर्व्हर घेतला. होस्टिंगवाल्याने पहिल्यांदा दिलेलं मॉडेल दुकानी निघालं, मुपोंच्या सल्ल्याप्रमाणे लेखी मागितलं होतं म्हणून बदलून मिळालं. जुन्यावरून नव्यावर रेप्लिका (बदल आपोआप उतरणारी प्रत) लावली, दोन्ही बरोबरीला आले की आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुपारी जुन्यावरचं लिहिणं थांबवून काटे नव्याकडे वळवले. त्या दिवशी मजूर नसतात, गाड्या कमी. आता लिहिण्याचा अवेट एका मिलिसेकंदाच्या आत, आणि पावती बटण सोडायच्या आत सेव्ह होते. जो काही उशीर आहे तो मोबाइलच्या नेटचा.

जुना_जाणकार
चांगलं केलंत. आता रात्रीचा खातेउतारा किती वेळात निघतो?

गिरणाकाठ
काका, तो जवळपास पूर्वीइतकाच वेळ घेतो. एनव्हीएमईने काही फरक नाही.

जुना_जाणकार
पडणार नाहीच. तो सगळा रॅममधला डेटा चाळत असणार, म्हणजे काम सीपीयूचं. त्या क्वेरीला 'एक्सप्लेन' लावा, डेटाबेस ती कशी चालवतो ते दिसेल. शेतकरी आणि तारीख मिळून एक इंडेक्स (शोधायची सूची) नसेल तर पूर्ण टेबल चाळलं जात असणार.

पांझराकाठचा_भाऊ
आखाजीला सगळा खान्देश पत्त्यांवर आणि हा माणूस टर्मिनलवर. धन्य!

दाळमिल_जळगाव
नमस्कार, नवीन सदस्य आहे. आमच्या मिलचं अकाउंटिंग ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर चालतं, तेही सकाळी हळू होतं. एनव्हीएमई टाकू का?

नंदुरबारी_मिरची
वेगळा धागा काढा भाऊ. आणि येताना सकाळचे डिस्कचे आकडे घेऊन या. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या पानावर रांगेची लांबी आणि प्रतिसादाचा वेळ दोन्ही दिसतात.